उजेडाचा हिशेब : कृष्णधवल छायाचित्रातील छटांचे नियोजन

कृष्णधवल छायाचित्रातून रंग वगळला की उरतो तो केवळ उजेडाचा कमीअधिकपणा, आणि वस्तूचा आकार, तिचा पोत, तिचे जवळ-दूर असणे, इतकेच नव्हे तर चित्राचा एकूण भाव, हा सगळा भार त्या एकट्या कमीअधिकपणावर येऊन पडतो. लाल जास्वंद आणि तिची हिरवी पाने डोळ्यांना क्षणात वेगळी ओळखू येतात. परंतु दोन्हींकडून परावर्तित होणारा उजेड जवळपास सारखा असेल, तर कृष्णधवल चित्रात फूल आणि पान एकाच करड्या छटेत मिसळून जातात आणि तिथे फूल होते हे पाहणाऱ्याला सांगावे लागते. म्हणून कृष्णधवल छायाचित्र घेणाऱ्याला शटर दाबण्यापूर्वीच एक प्रश्न सोडवावा लागतो : समोरच्या दृश्यातील कोणती गोष्ट प्रिंटवर किती काळी, किती करडी आणि किती पांढरी दिसली पाहिजे? याचे उत्तर मनाशी पक्के करणे आणि मग त्याला अनुसरून फिल्मवर किती उजेड पडू द्यायचा, म्हणजेच एक्स्पोजर किती द्यायचे, हे ठरवणे, यालाच छटांचे नियोजन म्हणतात.

प्रश्न अवघड होतो तो निसर्ग आणि कागद यांच्या आवाक्यातील तफावतीमुळे. भर उन्हातले पांढरे कापड आणि त्याच दृश्यातील दाट सावलीतला काळा दगड यांच्या उजळपणात हजार पटींहून अधिक अंतर असू शकते. उलट चकचकीत छायाचित्र-कागदावरील सर्वांत गडद काळा आणि त्या कागदाचा मूळ पांढरा यांच्यातील अंतर साधारण शंभर-सव्वाशे पटींच्या फारसे पुढे जात नाही. डोळ्यांना ही तफावत जाणवत नाही, कारण नजर दृश्यावरून फिरत असताना बाहुली लहानमोठी होते, दृष्टिपटल आणि मेंदू क्षणोक्षणी जुळवून घेतात, आणि ऊन व सावली दोन्हींतील बारकावे माणूस आळीपाळीने पाहून घेतो. फिल्मला ही सोय नाही. तिला सगळे दृश्य एकाच एक्स्पोजरमध्ये टिपावे लागते. तेव्हा कुठे तरी बारकावा राखायचा आणि कुठे तरी तो सोडून द्यायचा, हे अटळ आहे. तो कुठे सोडायचा हे यंत्रावर सोपवायचे की स्वतः ठरवायचे, एवढाच निर्णय छायाचित्रकाराच्या हाती राहतो.

छायाचित्रणाच्या पहिल्या काही दशकांत हा निर्णय अनुभवावर आणि अंदाजावर चाले, आणि त्यात साहित्याची मर्यादाही मोठी होती. त्या काळच्या काचेच्या प्लेटा प्रामुख्याने निळ्या प्रकाशालाच संवेदनशील असल्यामुळे जमिनीवरचे तपशील नीट यावेत इतके एक्स्पोजर दिले की निळे आकाश निगेटिव्हवर संपूर्ण झाकोळून जाई आणि प्रिंटमध्ये ढगांचा मागमूसही न राहता कोरे पांढरे उमटे. फ्रेंच छायाचित्रकार ग्युस्ताव्ह ल ग्रे याने १८५० च्या दशकात आपल्या काही गाजलेल्या समुद्रचित्रांत यावर तोडगा काढला तो असा, की समुद्रासाठी एक आणि आकाशासाठी दुसरी अशा दोन वेगळ्या निगेटिव्ह घेऊन त्या एकाच कागदावर क्षितिजरेषेपाशी जोडून छापल्या. ल ग्रेच्या या चित्रांकडे पाहताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते, ती म्हणजे दृश्याचा आवाका फिल्मच्या किंवा कागदाच्या आवाक्यात बसवण्याची खटपट छायाचित्रणाइतकीच जुनी आहे आणि तिला लबाडी म्हणणे अन्यायाचे आहे.

या खटपटीला शास्त्राचा पाया मिळाला तो इंग्लंडमधील विडनेस या कारखान्यांच्या गावात काम करणाऱ्या फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो चार्ल्स ड्रिफिल्ड या दोन हौशी छायाचित्रकारांमुळे. दोघेही पेशाने रासायनिक उद्योगातले, त्यामुळे प्लेटला उजेड किती मिळाला आणि त्यामुळे तिच्यावर चांदीचा थर किती दाट बसला, हे मोजल्याशिवाय त्यांचे समाधान होईना. १८९० मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि एक्स्पोजर व घनता यांचा संबंध एका वक्ररेषेने दाखवला. घनता म्हणजे निगेटिव्हचा एखादा भाग किती उजेड अडवतो याचे माप. ही रेषा खालच्या टोकाला सपाट असते, म्हणजे फार थोडा उजेड मिळालेल्या भागांत फिल्म जवळजवळ काहीच नोंदवत नाही. मधल्या मोठ्या भागात ती सरळ चढत जाते, तिथे छटा एकमेकींपासून स्पष्ट वेगळ्या राहतात. आणि वरच्या टोकाला ती पुन्हा वाकते, तिथे अतिउजळ भागांतील फरक पुसट होऊ लागतात. कृष्णधवल फिल्मसंबंधी पुढे जे जे नियोजन झाले ते या एका रेषेच्या पोटात आहे, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

हा अभ्यास प्रयोगशाळेतून उचलून डोंगरदऱ्यांत हिंडणाऱ्या छायाचित्रकाराच्या हाती दिला तो अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स (१९०२-१९८४) आणि त्याचा सहकारी फ्रेड आर्चर यांनी. लॉस एंजेलिस येथील आर्ट सेंटर स्कूलमध्ये शिकवत असताना १९३९-४० च्या सुमारास त्यांनी जी पद्धत बांधली तिला ‘झोन सिस्टिम’ असे नाव पडले. आपण काही नवा शोध लावला असा अ‍ॅडम्सचा दावा नव्हता. हर्टर-ड्रिफिल्डच्या तत्त्वांना व्यवहारात वापरता येईल अशी मांडणी दिली, इतकेच तो म्हणत असे. परंतु त्या मांडणीचे मोल कमी नाही, कारण तोवर छायाचित्रकाराला मनातील चित्र आणि हातातील यंत्र यांच्यामध्ये बोलण्याची भाषाच नव्हती.

या पद्धतीचे मर्म समजण्यासाठी लाइट मीटर काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे पाहावे लागते. उजेड मोजणारे हे उपकरण ज्या पृष्ठभागाकडे रोखले जाते, तो पृष्ठभाग मध्यम करडा आहे असे गृहीत धरून एक्स्पोजर सुचवते. मध्यम करडा म्हणजे आपल्यावर पडलेल्या उजेडापैकी सुमारे १८ टक्के उजेड परत पाठवणारी छटा, जी डोळ्यांना काळ्या-पांढऱ्याच्या बरोबर मधोमध असल्यासारखी वाटते. चुन्याने रंगवलेल्या भिंतीवर मीटर रोखला आणि त्याने सांगितलेले आकडे जसेच्या तसे वापरले, तर भिंत करडी येते. कोळशाच्या ढिगावर रोखला तर कोळसाही तसाच करडा येतो. मीटर बिघडलेला नसतो, त्याने आपले काम चोख केलेले असते; भिंत पांढरी आहे आणि ती पांढरीच दिसावी, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. एक्स्पोजर हे मोजून मिळणारे उत्तर नसून मोजल्यानंतर घ्यायचा निर्णय आहे, हा या सगळ्या विषयाचा गाभा आहे.

अ‍ॅडम्स-आर्चर यांनी निखळ काळ्यापासून निखळ पांढऱ्यापर्यंतच्या पट्ट्याचे शून्य ते दहा असे अकरा टप्पे केले आणि प्रत्येक टप्प्याला झोन म्हटले. एका झोनवरून पुढच्या झोनवर जाताना एक्स्पोजर दुप्पट होते, यालाच छायाचित्रकार एक स्टॉप म्हणतात : शटरचा वेळ दुप्पट करणे किंवा भिंगाचे छिद्र एक आकडा मोठे उघडणे. मध्यम करडा हा पाचवा झोन. शून्याचा झोन म्हणजे कागद देऊ शकेल तितका काळा. पहिल्यात काळ्याहून किंचित वेगळेपण असते पण पोत नसतो, आणि दुसऱ्यात पोताची पुसट चाहूल लागते. तिसरा झोन सर्वांत कामाचा, कारण काळी वस्तू काळी दिसूनही तिचा खडबडीतपणा, तिचे धागे, तिच्या भेगा जिथे स्पष्ट दिसतात अशी ती पहिली पायरी आहे. चौथ्यात दाट पालवी आणि उन्हातल्या दृश्यातील मोकळ्या सावल्या येतात. सहावा आणि सातवा उजळ करड्यांचे आहेत. आठव्यात पांढऱ्या वस्तूचा पोत अजून शाबूत असतो, म्हणजे बर्फाचे कण किंवा धुतलेल्या कापडाची वीण दिसते. नवव्यात तो जवळजवळ विरतो, आणि दहावा झोन म्हणजे कोरा कागद. पूर्ण तपशील दाखवणारा भाग तिसऱ्यापासून सातव्या-आठव्यापर्यंतचा आहे, आणि चित्रातील ज्या ज्या गोष्टीला काही सांगायचे असते ती बहुधा याच भागात ठेवावी लागते.

प्रत्यक्ष काम करताना छायाचित्रकार दृश्यातील ज्या गडद भागात पोत हवाच आहे असा भाग निवडतो, आणि अगदी लहान कोनातून उजेड मोजणाऱ्या स्पॉट मीटरने तेवढाच भाग मोजतो. मीटर त्या भागाला पाचव्या झोनवर नेऊ पाहतो. छायाचित्रकाराला तो तिसऱ्यावर हवा असतो, म्हणून तो मीटरने सांगितल्यापेक्षा दोन स्टॉप कमी एक्स्पोजर देतो. हे झाले ‘ठेवणे’. एक भाग कुठे ठेवायचा हे ठरले की बाकीच्या सगळ्या गोष्टी आपापल्या उजळपणानुसार ज्या त्या झोनवर आपोआप जाऊन पडतात, त्यांच्यावर आता एक्स्पोजरचा वेगळा अधिकार चालत नाही. मग सर्वांत महत्त्वाचा उजळ भाग मोजून तो कुठे पडतो हे पाहायचे. तो सातव्या-आठव्यावर पडला तर दृश्य फिल्मच्या आवाक्यात आहे. दहाव्याच्या पलीकडे गेला तर तिथला पोत जाणार, आणि पाचव्या-सहाव्यावरच थांबला तर प्रिंट मळकट, निर्जीव होणार.

अशा वेळी मदतीला येते ते डेव्हलपिंग, आणि इथेच हर्टर-ड्रिफिल्डचा खरा उपयोग होतो. निगेटिव्हच्या सावलीच्या भागांत उजेड लागलेले चांदीच्या क्षारांचे कण थोडे असतात, त्यामुळे डेव्हलपर त्यांचे काम लवकर उरकतो आणि नंतर वेळ वाढवूनही तिथे फारशी भर पडत नाही. उजळ भागांत मात्र असे कण भरपूर असतात आणि फिल्म डेव्हलपरमध्ये जितकी अधिक राहील तितकी तिथली घनता वाढत जाते. याचा अर्थ असा, की सावल्यांची नोंद एक्स्पोजरने पक्की होते आणि उजळ भाग किती उजळ येतील हे बव्हंशी डेव्हलपिंगच्या वेळेने ठरते. म्हणूनच सावल्यांसाठी एक्स्पोज करावे आणि उजळ भागांसाठी डेव्हलप करावे, हे जुन्या छायाचित्रकारांचे सूत्र आहे. पडलेला भाग एका झोनने खाली आणायचा असेल तर वेळ कमी करतात, वर न्यायचा असेल तर वाढवतात. वेळ किती कमी-जास्त करायची याचे सर्वांना लागू पडणारे कोष्टक नाही. फिल्म, डेव्हलपर, तापमान, टाकी हलवण्याची पद्धत या सगळ्यांवर ते अवलंबून असते, आणि म्हणून प्रत्येकाला आपल्या साहित्याची चाचणी स्वतःच घ्यावी लागते. पहिल्या झोनवर ठेवलेल्या कोऱ्या पृष्ठभागाची घनता फिल्मच्या मूळ पातळीपेक्षा सुमारे ०.१ ने जास्त आली, तर आपण धरलेली फिल्मची संवेदनक्षमता बरोबर आहे असे मानायचे, ही अ‍ॅडम्सची कसोटी आजही वापरली जाते.

हिशेबाच्या या सगळ्या सांगाड्यात प्राण येतो तो आधी मनात पाहिलेल्या चित्रामुळे. अ‍ॅडम्सला त्याची पहिली खूण पद्धत बांधण्याच्या कितीतरी आधी, १० एप्रिल १९२७ रोजी कॅलिफोर्नियातील योसेमिटी खोऱ्यात पटली. हाफ डोम या प्रचंड ग्रॅनाइट कड्यासमोर तो चढून पोहोचला तेव्हा त्याच्याकडच्या काचेच्या प्लेटांपैकी दोनच शिल्लक होत्या. पहिली त्याने पिवळा फिल्टर लावून घेतली. पिवळा फिल्टर निळा प्रकाश काही प्रमाणात अडवतो, त्यामुळे आकाश बेताचे गडद होते. प्लेट घेऊन झाल्यावर त्याच्या लक्षात आले की अशाने कडा आणि आकाश दोन्ही सौम्य करडे येतील आणि त्या खडकासमोर उभे राहून जो दरारा वाटत आहे तो चित्रात उतरणार नाही. उरलेल्या एकमेव प्लेटसाठी त्याने गडद लाल फिल्टर चढवला. लाल फिल्टर निळा प्रकाश जवळजवळ संपूर्ण रोखतो, त्यामुळे निळे आकाश आणि आकाशाच्या निळ्या उजेडावरच पोसलेल्या सावल्या काळ्याकडे झुकतात, आणि उन्हातला खडक व बर्फ त्यातून उसळून पुढे येतो. एक्स्पोजर अर्थातच पुष्कळ वाढवावे लागले, ते पाच सेकंद दिले गेले. ‘मोनोलिथ, द फेस ऑफ हाफ डोम’ या नावाने ओळखले जाणारे ते चित्र त्या दुपारच्या आकाशासारखे मुळीच नाही, आणि तरीही त्या दुपारबद्दल ते पिवळ्या फिल्टरच्या प्लेटपेक्षा अधिक खरे सांगते.

नियोजनाची त्याहून कठीण परीक्षा न्यू मेक्सिको राज्यातील हर्नान्डेझ या लहानशा गावापाशी झाली. अ‍ॅडम्स मित्र आणि मुलगा यांच्यासह गाडीने सांता फेकडे परतत असताना त्याला डावीकडे पूर्वेला उगवलेला चंद्र, दूरची बर्फाच्छादित शिखरे, आणि अलीकडे दफनभूमीतील पांढऱ्या क्रुसांवर पडलेली मावळत्या उन्हाची शेवटची तिरीप दिसली. आठ बाय दहा इंची फिल्मचा अवजड कॅमेरा घाईघाईने उभा केला, पण लाइट मीटर सापडेना, आणि ऊन तर क्षणाक्षणाला सरकत होते. तेव्हा त्याला आठवले की चंद्राचा उजळपणा त्याला माहीत आहे : दर चौरस फुटाला २५० कँडल. चंद्र हा उन्हात पडलेला दगडच असल्यामुळे पृथ्वीवर सांज झाली तरी त्याचा स्वतःचा उजळपणा फारसा बदलत नाही. अ‍ॅडम्सने चंद्राला सातव्या झोनवर ठेवले. पाचवा झोन त्याहून दोन स्टॉप खाली, म्हणजे २५० चा चौथा भाग, साधारण ६०; आणि त्याच्या नेहमीच्या आडाख्याप्रमाणे ६४ संवेदनक्षमतेच्या फिल्मला, ६४ चे वर्गमूळ जे ८ त्या एफ/८ छिद्रावर, सेकंदाचा साठावा भाग पुरेसा होता. कॅमेऱ्यावर गडद पिवळा फिल्टर होता, त्यासाठी वेळ तिप्पट, म्हणजे सेकंदाचा विसावा भाग. दृश्य जवळपासून क्षितिजापर्यंत रेखीव यावे म्हणून छिद्र एफ/३२ इतके लहान करायचे होते, त्यामुळे उजेड सोळा पटींनी घटला आणि वेळ जवळजवळ एक सेकंद झाला. एफ/३२ ला एक सेकंद, हे एक्स्पोजर त्याने दिले. खबरदारी म्हणून दुसरी निगेटिव्ह घ्यावी, एवढ्यात क्रुसांवरचे ऊन गेले होते.

अ‍ॅडम्सला तारखा टिपून ठेवण्याची सवय नव्हती, त्यामुळे हे चित्र कधीचे यावर बराच काळ घोळ होता. पुढे खगोलशास्त्राच्या अभ्यासकांनी चंद्राची जागा आणि शिखरांची रेषा यांवरून गणित मांडून ही वेळ १ नोव्हेंबर १९४१ च्या दुपारी पावणेपाचच्या पुढची, चार वाजून एकोणपन्नास मिनिटांची असल्याचे निश्चित केले.

एक्स्पोजर चंद्राकडून ठरवल्याची किंमत अलीकडच्या जमिनीला द्यावी लागली. चंद्राचा पोत राखला गेला, परंतु झुडपांचा माळ आणि घरांच्या भिंती निगेटिव्हवर फार विरळ नोंदल्या जाणार, हे अ‍ॅडम्स जाणून होता, म्हणून त्याने डेव्हलपिंगसाठी जलस्नानाची पद्धत वापरली. तीत फिल्म थोडा वेळ डेव्हलपरमध्ये बुडवून मग न हलवता साध्या पाण्यात ठेवतात. उजळ भागांत शोषलेला डेव्हलपर लगेच संपून तिथली वाढ थांबते, आणि सावल्यांत मात्र तो पुरून उरतो व हळूहळू काम करत राहतो. ही आळीपाळी त्याने दहा वेळा केली. तरीही खालचा भाग अशक्तच राहिला, म्हणून १९४८ मध्ये त्याने निगेटिव्हचा तेवढाच भाग रसायनाने पुन्हा घट्ट केला. आणि त्यानंतरही काम संपले नाही. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाश करडे आहे आणि त्यात ढगांच्या फिकट रेघा दिसतात. उत्तरायुष्यातल्या प्रिंटमध्ये तेच आकाश जवळजवळ काळे झाले आहे. एकाच निगेटिव्हवरून त्याने सुमारे तेराशे प्रिंट काढल्याचे सांगतात. तरुणपणी पियानोवादक होण्याची तयारी केलेला हा कलावंत निगेटिव्हला संगीतकाराने लिहून ठेवलेल्या स्वरलिपीची आणि प्रिंटला तिच्या वादनाची उपमा देत असे. ती उपमा केवळ सुंदर नाही, नेमकीही आहे, कारण तिच्यात नियोजनाचा नेमका आवाका सांगितला आहे : निगेटिव्हमध्ये जे नोंदलेच नाही ते डार्करूममधील कोणत्याही कसबाने कागदावर येत नाही, आणि नोंदलेले असूनही त्यातून काय वाजवायचे हे पुढे वर्षानुवर्षे बदलू शकते.

झोनची ही मांडणी भारतीय छायाचित्रकाराने घेताना एक दुरुस्ती करावीच लागते. पाश्चात्त्य पुस्तकांत उन्हातल्या चेहऱ्याची जागा सहाव्या झोनवर सांगितलेली असते, आणि ती गोऱ्या त्वचेची आहे. सावळ्या त्वचेची स्वाभाविक जागा पाचव्याच्या आसपास, अधिक गडद त्वचेची त्याखाली आहे. प्रत्येक चेहरा सहाव्यावर ओढला की माणसे दिसतात खरी, पण ती त्यांच्यासारखी दिसत नाहीत. आषाढी वारीचे उदाहरण घेता येईल. ढगाळ उजेडात पांढरे धोतर, पांढरी बंडी आणि टोपी घातलेले वारकरी चौकट भरून उभे असतील, तर कॅमेऱ्याचा स्वयंचलित मीटर त्या सगळ्या पांढऱ्याची सरासरी काढून तिला करडी करू पाहतो. परिणामी कपडे मळके येतात आणि उन्हातान्हात रापलेले चेहरे तिसऱ्या झोनच्या अंधारात बुडतात, डोळे आणि सुरकुत्या हरवतात. त्याऐवजी जवळ जाऊन एका चेहऱ्याचा उजेड मोजावा. समजा मीटर एफ/८ ला सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग सांगतो, तर सावळा चेहरा पाचव्यावर ठेवण्यासाठी तेच एक्स्पोजर योग्य आहे. मग धोतर मोजावे. ते चेहऱ्याहून दोन-सव्वादोन स्टॉप उजळ निघाले तर सातव्याच्या थोडे वर पडेल, म्हणजे पांढरे असूनही त्याच्या निऱ्या दिसतील, आणि कुठलीही कसरत न करता चित्र साधेल. हेच दृश्य उघड्या उन्हात, फेट्याच्या सावलीत चेहरा असताना घ्यायचे म्हटले की चेहरा तीनेक स्टॉप खाली जातो, त्याला राखावे तर कापड थेट दहाव्यावर कोरे होते. अशा वेळी डेव्हलपिंगची वेळ कमी करणे, माणसाला सावलीत नेणे, किंवा चेहरा चौथ्या झोनवर पत्करून कापड सांभाळणे, असे मार्ग उरतात. त्यातला कोणता घ्यावा हे मीटर सांगू शकत नाही. पावसात भिजलेल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळाचीही हीच गत : मीटरच्या म्हणण्याप्रमाणे घेतला तर तो राखेसारखा फिका येतो, दोन स्टॉप कमी देऊन तिसऱ्यावर ठेवला तर बेसॉल्ट बेसॉल्टसारखा दिसतो.

या पद्धतीला मर्यादा आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. ती मुळात मोठ्या आकाराच्या सुट्या फिल्मसाठी घडली, जिथे प्रत्येक निगेटिव्ह वेगळी डेव्हलप करता येते. छत्तीस चित्रांच्या एका रोलमध्ये ऊन, सावली, संध्याकाळ सगळेच असेल तर सबंध रोलला एकच वेळ द्यावी लागते, आणि उरलेली दुरुस्ती कमी-जास्त कॉन्ट्रास्टचा कागद निवडून करावी लागते. याहून मोठा धोका म्हणजे चाचण्यांच्या नादी लागून छायाचित्रेच न घेणे. असे छायाचित्रकार प्रत्येक पिढीत सापडतात. अ‍ॅडम्सचा ज्येष्ठ मित्र एडवर्ड वेस्टन याने आकडेमोडीपेक्षा अनुभवी अंदाजावर अधिक विसंबून आणि निगेटिव्ह डेव्हलप होत असताना मंद उजेडात डोळ्यांनी पाहून केलेले काम छटांच्या श्रीमंतीत कुणाहून उणे नाही. पद्धत हे साधन आहे, आणि ज्याची नजर आधीच तयार आहे त्याला ते थोडे कमी लागते. बाकीच्यांना मात्र नजर तयार करण्याचा यापेक्षा सरळ मार्ग क्वचितच मिळेल.

डिजिटल कॅमेऱ्यात हिशेब राहतो, दिशा उलटते. फिल्मच्या वक्ररेषेचे वरचे टोक हळूहळू वाकते, त्यामुळे उजळ भाग थोडे वाहवले तरी ती सांभाळून घेते आणि सावल्या कमी पडल्या तर मात्र क्षमा करत नाही. सेन्सरचा प्रत्येक बिंदू मर्यादेपर्यंत सरळ रेषेत भरत जातो आणि भरला की तिथेच संपतो. त्यापलीकडचा बारकावा कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही, तर सावल्या काही प्रमाणात उघडता येतात, फार ओढल्यास त्यांत रवाळपणा येतो एवढेच. म्हणून इथे ज्या उजळ भागात पोत हवा आहे तो भाग आधी सुरक्षित ठेवून एक्स्पोजर ठरवावे लागते आणि गडद भाग नंतर प्रक्रियेत जागेवर आणावे लागतात. लाल-पिवळ्या फिल्टरचे कामही रंगीत फाइलचे कृष्णधवलात रूपांतर करताना मागाहून करता येते, ही मोठीच सोय आहे. अलीकडचे मोबाइल तर अनेक एक्स्पोजर क्षणात जोडून ऊन आणि सावली दोन्ही भरभरून दाखवतात. पण सगळे काही सारखेच दाखवायचे, हाही एक निर्णयच असतो आणि तो घेणाऱ्याने घेतलेला नसतो. काळोख जिथे हवा तिथे काळोख राखता न येणे, ही या आयत्या चित्रांची सर्वांत मोठी उणीव आहे.

हे सर्व शिकायला महागडा कॅमेरा, डार्करूम किंवा स्पॉट मीटर लागतोच असे नाही. ज्यांच्या हाती केवळ मोबाइल आहे त्यांनीही कॅमेरा कृष्णधवलावर ठेवावा, एक पांढरी वस्तू, एक काळी वस्तू आणि एक सावळा चेहरा अशा तीन गोष्टी एकाच चौकटीत घ्याव्यात, पडद्यावर बोट ठेवून एक्स्पोजर कमी-जास्त करण्याची सोय वापरून तेच चित्र पाच-सहा वेगवेगळ्या उजळपणांवर टिपावे, आणि प्रत्येकात कोणता पोत राहिला व कोणता गेला हे कागदावर लिहून काढावे. एका रविवारी हे केले तर पुढचे चित्र घेताना बोट आपोआप थांबेल, आणि ते थांबले की आधी काय ठेवायचे हे ठरवावे, मगच शटर दाबावे.